रेंज शब्द काबीज केल्याची हकीकत

श्री.

सकलशब्दप्रतिपालक, अर्थसंरक्षक, शंकानिवारक शब्दकोश मंडळाचे सेवेसी, दफ्तरीं खिडकीलगतचे मेजावर बसणारा अल्पमती लेखनिक सादर होऊन विज्ञापना करितो ऐसी जे, आपण आज्ञा केली की कोशाचे आर अक्षराचे मोहिमेत रेंज म्हणोन जो इंग्रजी शब्द आहे, ज्याचा अर्थ पल्ला, आवाका, व्याप्ती ऐसा लोक घेतात, तो हाती येण्यास विलंब का जाहला, छापखान्याचे मालक दिवसभर का खोळंबले आणि निरोपसमारंभाचा चहा का निवाला, याची साद्यंत हकीकत लिहोन पाठवावी. त्यावरोन लिहिली आहे. सेवकास बाजू नाही. लढाई चालू असता चहा दोन्ही छावण्यांत घेतला आणि बिस्किटे दोन्हीकडची खाल्ली, सबब पक्षपात होणे नाही. बंद दाराआडचे तुम्हांस कैसे कळले म्हणोन कोणी पुसेल, तर बखरीस दार आडवे येत नाही, आणि आमचे दफ्तराची दारे तशीही नीट लागत नाहीत.

आधी मुलखाचे वर्णन करणे प्राप्त आहे. दफ्तर म्हणजे एका जुन्या इमारतीचा मधला मजला. खाली औषधांचे दुकान, वर दातांचे डॉक्टर. डॉक्टरांचे यंत्र सुरू जाहले म्हणजे छतातून घरघर उतरते, तीच आमची रणवाद्ये. आत लोखंडी कपाटे खांद्यास खांदा लावोन उभी, कपाटांत लाकडी खण, आणि खणांत चिठ्ठ्या. कोणी कोठे कोणता शब्द कैसा वापरला ते वाक्य चिठ्ठीवर उतरावे आणि खणांत कैद करावे. त्या वाक्यास दफ्तरीं साक्ष म्हणतात. इंग्रजी भाषेतील यावत् शब्द धरोन आणावे, त्यांचे अर्थ आपले भाषेत वसवावे, आणि त्यांचा वंश कोठला तो पुसोन लिहावा, हे या राज्याचे काम. ए पासोन कूच जाहले तेव्हा आबासाहेबांचे केस काळे होते. क्यूचा मुलूख लहान, तो एका उन्हाळ्यात सर जाहला. मग आर लागला, आणि आर म्हणजे चढच चढ.

आबासाहेब म्हणजे कोशाचे मुख्य संपादक. अंगी बिनबाह्यांचा स्वेटर, कानावर पेन्सिल, खिशात खोडरबर. पेन वापरणाऱ्या मनुष्यावर त्यांचा विश्वास नाही, कारण त्यांचे मते पेनवाला चूक पुसत नाही, दामटतो. त्यांचे हाताखाली दफ्तराची फडणिशी सांभाळणाऱ्या त्या सूनबाई. सूनबाई आल्या त्या नात्याने नव्हे, परीक्षा देऊन आल्या. नाते मागाहून जाहले. ते ऐसे की आबा एके दिवशी घरी डबा विसरले, आणि त्यांचे चिरंजीव डबा घेऊन दफ्तरीं दाखल जाहले, आणि सूनबाईंस पाहोन परत गेले, आणि मग आबांचा डबा रोजच घरी विसरला जाईल ऐसी तजवीज स्वतः करू लागले. पुढे लग्न जाहले.

लग्नाचे दुसरेच दिवशी आबांनी कायदा केला की औषधांचे दुकानाचा कोपरा वळला की नाते बंद. कोपऱ्याअलीकडे आबा आणि तू, कोपऱ्यापलीकडे सर आणि बाई, तुम्ही. उभयतां सकाळी घरातून बरोबर निघत, तू छत्री घेतलीस का, आबा तुम्ही गोळी घेतलीत का, ऐसे बोलत चालत, आणि कोपरा वळताच बाई, तुम्ही आज कोणता शब्द घेताय, ऐसे सुरू होई. मधले वाक्य अर्धे राहिले तर ते संध्याकाळी कोपऱ्यावरोन परत उचलले जाई. हा कायदा इतक्या सालांत एकदाही मोडला नाही, आणि पुढील हकीकतीस हे ध्यानी ठेवणे जरूर आहे.

आता प्रसंग ऐसा होता की वयोपरत्वे आबांचे निवृत्तीचा दिवस शुक्रवार मुक्रर जाहला होता, आणि त्याच शुक्रवारी आरची पाने छापखान्यात रवाना व्हावयाची होती, आणि त्या पानांवर नव्या मुख्य संपादक म्हणोन सूनबाईंची पहिली सही व्हावयाची होती. सारे शब्द हाती आले होते, एक रेंज तेवढा बाकी. तो अडला म्हणोन मागे राहिला ऐसे नव्हे. आबांनी तो मुद्दाम अखेरीस ठेवला होता, मुले ताटातला आवडीचा घास मागे ठेवितात तैसा.

रेंज म्हणजे सामान्य शत्रू नव्हे. विलायती ग्रंथकार लिहितात की मूळचा हा शिपाईगडी. फार पूर्वी लोक वर्तुळ करोन मसलतीस बसत त्या वर्तुळाचे हे नाव, मग फ्रेंच मुलखात ते वर्तुळ उलगडोन त्याची ओळ जाहली, आणि फौजेची जी ओळ उभी राहे तिला हा शब्द लागला. मग ओळ एका जागी उभी राहोन कंटाळली आणि हिंडू लागली, म्हणोन रेंज म्हणजे भटकणे. रानात भटकणारा राखणदार तो रेंजर. मग जेथवर भटकता येई तो सगळा प्रदेश रेंज, आणि तोफेचा गोळा जेथवर जाई ते अंतरही रेंज. डोंगर ओळीने उभे राहिले तेही रेंज. स्वयंपाकाची मोठी चूल, भांडी ओळीने बसतात सबब असावे, तीही रेंज. पुढे गाणाऱ्याचा गळा, दुकानातल्या किमती, आणि अखेरीस प्रत्येकाचे खिशातला फोन, सगळीकडे याने ठाणी बसविली. ओळीत उभा केलेला शिपाई इतका पसरेल हे त्याचे सरदारांसही वाटले नसेल.

हे एकेक अर्थ म्हणजे एकेक किल्ला. डोंगररांग हा बिनलढाई हाती आला. तोफेस पल्ला दिला, तिने तो मुकाट घेतला. गळ्यास आवाका दिला तेव्हा दफ्तराचे टायपिस्टकाकांनी हरकत घेतली की गाणाऱ्याचा आवाका म्हटले म्हणजे त्याची ऐपत काढल्यासारखे वाटते. त्यावर चहा जाहला, आणि हरकत फेटाळली, आणि काका दिवसभर कळा जोराने बडवीत राहिले. फोनचे रेंजसाठी मंडळाकडून संपर्कव्याप्तिक्षेत्र नामक शब्द कुमकेस आला होता, त्यास दारातच अडविले. सूनबाईंनी अर्ज केला की लोक रेंज नाही म्हणतात, तर रेंजच लिहावे. आबांनी तो तत्काळ कबूल केला, कारण आमचे दफ्तरीं फोनची रेंज मुळीच नाही आणि त्या अर्थावर कोणाचा जीव नव्हता. खिडकीचे कठड्यावर कोपर टेकोन मान वाकडी केली तर एक काडी येते, आणि बोलावयास गेले की जाते.

राहिला वंश, आणि तेथेच घात जाहला.

आबांचे म्हणणे ऐसे की हा शब्द विलायती नव्हेच, आपला आहे. आपल्या फौजा रांगेने उभ्या असता परदेशी व्यापारी तेथे आले, त्यांनी पुसले हे काय, आपले लोक म्हणाले रांग, आणि त्यांनी तो शब्द मालाबरोबर गलबतात घालोन नेला, आणि तिकडील थंडीने त्याचा उच्चार आखडोन रेंज जाहला. ही कैफियत आबांनी तरुणपणी रचिली. ती त्यांनी सभांत सांगितली, लग्नांत जेवणावळी चालू असता सांगितली, दफ्तरातला पंखा दुरुस्त करावयास आलेला मनुष्यही शिडीवर उभ्याने ती ऐकोन गेला. आबांनी आयुष्यात अगणित शब्दांचे वंश लिहिले, ते सगळे दुसऱ्यांनी शोधलेले. हा एकच त्यांचा स्वतःचा. या शब्दाचे कागदावर, रेंज: मूळ शब्द रांग, ही ओळ त्यांनी पेनाने लिहिली होती. दफ्तरात आबांचे हातची पेनाने लिहिलेली दुसरी ओळ नाही.

गुरुवारी दुपारी दरबार भरला. रिवाज ऐसा की शब्द पुरा जाहला म्हणजे मुख्य संपादकांनी तो मोठ्याने वाचावा, आणि मेजाभोवतालचे प्रत्येकाने मंजूर म्हणावे. कोणी गप्प बसला तर शब्द अडला. मौन म्हणजे नामंजूर, हा आबांचाच कायदा. त्यांचे म्हणणे की भांडावयास धाडस लागते, ते सर्वांपाशी नसते. गप्प बसणे कोणासही जमते, सबब गप्प बसणाऱ्याचे मत आधी मोजावे. आबांनी अर्थ वाचिले, सर्व मंजूर. मग त्यांनी पाण्याचा घोट घेतला, चष्मा पुसला, आणि वंशाची ओळ वाचिली. टायपिस्टकाका मंजूर म्हणाले. सेवकही मंजूर म्हणाला, हे लिहिणे भाग आहे. सूनबाई मेजावरील टाचण्यांची डबी पाहात राहिल्या.

“बाई, तुम्हाला ऐकू आलं ना?” आबांनी विचारले.

“आलं, सर.”

“मग?”

“साक्ष कुठे आहे, सर?”

वर डॉक्टरांचे यंत्र थांबले. आबांचे मेजामागील भिंतीवर, साक्षीवाचून वंश नाही, ऐसी पाटी आहे, आबांचेच अक्षरात. सूनबाई नोकरीस लागल्या त्या पहिले आठवड्यात त्यांनी एका शब्दाचा फार देखणा वंश रचोन आणिला होता, तेव्हा आबांनी काही न बोलता पेन्सिलीने ती पाटी दाखविली होती, आणि सूनबाई जिन्यात जाऊन रडल्या होत्या, आणि मग परत येऊन त्यांनी तो वंश स्वतःचे हाताने पुसला होता. आता त्यांनी पाटीकडे पाहिलेही नाही. त्यांनी इतकाच अर्ज केला की विलायतेत हा शब्द लिहिलेला सापडतो तो त्यांचे पहिले जहाज या किनाऱ्यास लागण्याचे कितीतरी आधी. जे तिकडे आधीच होते ते इकडोन कैसे जाईल.

“लिहिलेलं सापडतं ते,” आबा म्हणाले. “त्याआधी कोण कुठून काय ऐकून गेलं, ते कोणी मोजलंय?”

“पण साक्ष, सर.”

“आहे. असेल कुठेतरी. एवढे खण आहेत.”

मग आबांनी हुकूम फर्माविला. त्यांचे राज्यात आणखी एक रिवाज आहे, जो अन्य कोणत्या दफ्तरीं असेल ऐसे वाटत नाही. जो शंका घेईल, त्यानेच दुसऱ्याचे बाजूची साक्ष शोधावी. कारण आपले बाजूचे पुरावे जो तो गोळा करितो, त्यात शहाणपण नाही. जे खोटे वाटते त्यासाठी हात काळे करावे, आणि तरीही न मिळाले तर बोलावे. आबा म्हणाले, शंका तुमची, बाई, शोध तुमचा, उद्या संध्याकाळपर्यंत. सूनबाई बरं म्हणाल्या, आणि दरबार बरखास्त जाहला.

त्या सायंकाळी उभयतां कोपऱ्यावर आले, कोपरा वळले, आणि काही बदलले नाही. घरी ताटे मांडिली गेली. आबा जेवावयास बसले, आणि म्हणाले, “बाई, मीठ देता का?”

माईंचे हातची पळी खाली आली. माई म्हणजे आबांच्या पत्नी. घराचा सर्व अखत्यार त्यांजकडे, परंतु त्या तो बोलोन गाजवीत नाहीत. घरात तुम्ही ऐकोन त्यांनी ओळखले की मामला साधा नव्हे. त्यांनी चिरंजिवांकडे पाहिले. चिरंजीव तटस्थ राहिले, म्हणजे दोन्हीकडील बोलणी खाऊ लागले. बापाने पुसले तुझं काय मत, बायकोने पाहिले काय बोलतोस ते, तो चिरंजीव फोन कानास लावोन उठले आणि हॅलो, हॅलो, रेंज नाही, ऐसे म्हणत जिन्यात गेले. फोन वाजला नव्हता. ते भाजी निवाल्यावर परत आले.

जेवणे जाहली. माई आणि सूनबाई भांडी घेऊन बसल्या.

“काय झालंय?” माईंनी पुसले.

“रांग.”

माई तवा घासू लागल्या आणि पुष्कळ वेळ घाशीत राहिल्या. मग म्हणाल्या, “तुझं खरं आहे का?”

“खरं आहे, माई.”

“आणि त्यांचं?”

“ते खरं असतं तर मलाच सगळ्यात बरं वाटलं असतं. उद्या त्यांचा शेवटचा दिवस आहे. मंजूर म्हटलं तर माझ्या पहिल्याच सहीखाली खोटं जाईल, तेही त्यांच्याच हातचं. गप्प बसले तर ते रिकाम्या हातांनी घरी येतील. त्यांनीच शिकवलं आणि त्यांच्यावरच उलटायचं.” सूनबाईंस रडू आले, ते त्यांनी नळ मोठा सोडोन लपविले. माईंनी नळ लहान केला, कारण पाणी वाया जात होते, आणि म्हणाल्या, “शोध मनापासून. पुढचं पुढे बघू.” याखेरीज माईंनी कोणताही सल्ला दिला नाही, हे आम्ही खात्री करोन लिहितो.

शुक्रवार उजाडला. उभयतां घरातून निघाले. छत्रीचे कोणी कोणास पुसले नाही, गोळीचेही नाही. दफ्तरीं निरोपसमारंभाची तयारी चालू होती. खुर्च्या भिंतीकडे सरकविल्या होत्या, मेजावर पांढरी चादर, चादरीवर फुलांचा गुच्छ आणि कपांची फौज. छापखान्याचे मालक पाने घेण्यास जातीने आले आणि हेल्मेट मांडीवर घेऊन बसले. त्यांचे म्हणणे यंत्रावर आर चढविला आहे, शाई ओतली आहे, एक शब्द राहिला तर त्याची जागा रिकामी सोडोन छापू काय. आबांनी कळविले की आमचे कोशात शब्दाची जागा रिकामी सुटत नाही, बसा. ते बसले, आणि चहा मागितला, आणि हकीकत लांबते ऐसे दिसताच हेल्मेट मांडीवरोन खाली ठेविले.

सूनबाईंनी पदर खोचला आणि शिडी लाविली. प्रथम आरची कपाटे. मग रांगेचा खण, जेथे आपले भाषेतील जुन्या साक्षी आहेत. मग फौजेच्या शब्दांचे खण, गलबतांच्या शब्दांचे, व्यापाराचे, मोजमापाचे. सेवकास वाटले होते की त्या रीतीपुरते पाहतील आणि खाली उतरतील, जैसे आपण हरवलेली वस्तू दुसऱ्याची असली म्हणजे शोधतो. परंतु तैसे नव्हे. चिठ्ठी चुकीचे खणांत गेली असेल म्हणोन त्यांनी शेजारचे खणही पाहिले. जुनी चिठ्ठी खणाचे पाठीमागे पडते म्हणोन खण मुळासकट ओढोन काढिले आणि पोकळीत खांद्यापर्यंत हात घातला. तेथोन त्यांनी टाचण्या काढिल्या, एक तुटकी पट्टी काढिली, कोणाचे तरी सुकलेले लिंबू काढिले, आणि साक्ष मिळाली नाही. मग ग्रंथांचे कपाट. ग्रंथांचे मागील सूची पाहोन न थांबता त्यांनी पाने उलटिली. टायपिस्टकाका दोनदा म्हणाले की बाई, पुरे, चहा घ्या. त्यांनी घेतला नाही. त्यांचे हात कोपरापर्यंत काळे जाहले, कपाळावर धुळीची रेघ आली, आणि त्या शिडी उचलोन पुढील कपाटास लावीत गेल्या.

आबा मेजावर बसोन पाने तपासत होते, म्हणजे एकच पान समोर धरोन बसले होते. त्यांची नजर शिडीवर. आरंभी ती नजर सेनापतीची होती, की पाहा, आता मिळेल. मग तिचा तोरा कमी जाहला. कारण त्यांचे ध्यानी येऊ लागले की इतकी साले ते असेल कुठेतरी, असेल कुठेतरी म्हणत आले, आणि त्या कुठेतरीत त्यांनी स्वतः कधी हात घातला नव्हता. न मिळाली तर काय, या भयाने घातला नव्हता. आणि जिला ती साक्ष मिळावयास नको होती, ती पोर तेथे खांद्यापर्यंत हात घालोन उभी होती. हे आबांनी कोणास सांगितले नाही, परंतु त्यांनी चष्मा काढोन ठेविला, आणि चष्म्यावाचून त्यांस काही दिसत नाही, तरी ते तिकडेच पाहात राहिले.

दुपार कलली. पाहुणे जमले, कप भरले, कपांवर साय आली. सूनबाई अखेरचे कपाटावरोन खाली उतरल्या आणि आबांचे मेजापुढे येऊन उभ्या राहिल्या. जिंकलेला मनुष्य ऐसा उभा राहात नाही.

“नाही मिळाली, आबा,” त्या म्हणाल्या.

येथे दफ्तराचा कायदा मोडला. कोपऱ्यापलीकडे, भर दरबारात, मंडळाचे पाहुणे बसले असता, सर म्हणावयाचे ठायी आबा म्हटले गेले. टायपिस्टकाकांनी मान खाली घातली. सेवकाची पेन्सिल थांबली.

आबांनी चष्मा चढविला.

“खणांच्या मागे पाहिलंस?” ते म्हणाले.

आणि कायदा दुसरे बाजूनेही मोडला गेला, हे आम्ही साक्षीने लिहितो, कारण त्यावेळी सर्वांनी ऐकिले.

“पाहिलं. सगळे काढून पाहिले.”

“गलबतांचे?”

“तेही. मिळावी असं फार वाटत होतं हो मला.”

“मलाही,” आबा म्हणाले. मग ते काही वेळ बोलले नाहीत, आणि त्यांचे मौनाचा अर्थ त्यांचेच कायद्याने जो होतो तो त्यांस ठाऊक होता. त्यांनी हात पुढे केला. “दे तो कागद.”

कागद दिला. आबांनी सवयीने खोडरबर काढिले आणि त्या ओळीवर घासले. शाई हलली नाही, कागद मात्र चकाकू लागला. तेव्हा त्यांनी खोडरबर ठेविले, कानावरील पेन्सिल घेतली, आणि पट्टी लावोन, घाई न करिता, ओळीवर सरळ रेघ ओढिली. खालील अक्षरे वाचता येत होती. पेनाने लिहिलेले पुरते जात नाही, हे ते इतरांस नित्य सांगत असत.

मग त्यांनी कागद परत ढकलिला आणि म्हणाले, “आता तू लिही. फ्रेंच, ओळ, वर्तुळ, जे आहे ते. पुढे तुलाच लिहायचंय.”

सूनबाईंनी हात पदरास पुसले, पेन्सिल घेतली आणि वंश लिहिला. परंतु तेथे न थांबता त्यांनी आणखी एक ओळ घातली आणि कागद आबांपुढे केला. आबांनी उभे राहोन सर्व शब्द प्रथमपासोन वाचिला. ओळ, भटकणे, प्रदेश, पल्ला, डोंगररांग, चूल, आवाका, किमती, फोन. मग वंश. मग ती अखेरची ओळ आली, ती त्यांनी दोनदा वाचिली:

“आपल्या रांग या शब्दाशी साम्य आहे, संबंध नाही.”

टायपिस्टकाका म्हणाले मंजूर. सेवक म्हणाला मंजूर, आणि या खेपेस मनापासोन म्हणाला. सूनबाई मंजूर म्हणाल्या, आणि त्यांनी पानांवर आपली पहिली सही केली. छापखान्याचे मालकांस मत नाही, तरी तेही मंजूर म्हणाले, आणि पाने उचलोन, हेल्मेट विसरोन गेले, आणि मग परत येऊन घेऊन गेले. रणवाद्ये वाजू लागली, कारण डॉक्टरांकडे संध्याकाळचे रोगी आले होते. मंडळाचे पाहुण्यांनी आबांस दोन शब्द बोलण्याची विनंती केली. आबांनी या दिवसासाठी भाषण तयार केले होते, आणि ते सगळे रांगेवर होते, हे सूनबाईंस आणि सेवकास ठाऊक होते. आबा उभे राहिले. त्यांनी खिशात हात घातला, कागद चाचपला, आणि तो न काढिता हात बाहेर आणिला.

“चहा निवलाय,” ते म्हणाले. “दुसरा करा सगळ्यांना.” आणि बसले. लोकांनी टाळ्या वाजविल्या. इतके आखूड भाषण त्यांनी आबांकडोन प्रथमच ऐकिले होते.

सायंकाळी उभयतां पायऱ्या उतरले. कोपरा आला, वळला, गेला. आबा म्हणाले, तुझ्या कपाळाला धूळ लागलीय, आणि सूनबाईंनी ती पुसली, आणि मग आबांनी गोळी घेतली नसल्याचे कबूल केले, आणि त्यावरोन उरलेल्या वाटभर त्यांस बोलणी बसली. घरचे दारी चिरंजीव उभे होते. दोघे बोलत येतात हे पाहोन त्यांस रेंज परत आली.

आबा हातपाय धुवोन माईंपाशी बसले. गुच्छ मेजावर ठेविला. येथे मागील एक गोष्ट सांगणे जरूर आहे. आबा माईंस पाहावयास प्रथम गेले, तेव्हा वडील मंडळींनी दोघांस बोलावयास गॅलरीत सोडिले होते. आबांनी त्या सगळे वेळात रांग, व्यापारी, गलबत आणि थंडी हे सांगितले. माई एक शब्द बोलल्या नाहीत. आबांनी ते मौन म्हणजे पसंती धरिली, आणि लग्न जाहले, आणि आजवर ते ऐसेच धरोन होते. मौनाचा कायदा त्यांनी त्यानंतर पुष्कळ सालांनी केला.

“ते रांगेचं आज मी काढून टाकलं,” आबा म्हणाले.

माई फुलांचे देठ कापीत होत्या. त्या कापीत राहिल्या.

“तुला काही वाटलं नाही?”

“मला ते पहिल्या दिवशीच पटलं नव्हतं.”

आबांनी त्यांजकडे पाहिले. “मग तेव्हा बोलली का नाहीस?”

“गप्प बसले होते की. तुमच्याकडे गप्प बसणं म्हणजे नामंजूर ना?”

आबा बराच वेळ हिशेब मांडीत बसले. गॅलरी, वडील मंडळी, गलबत. मग त्यांनी धीर करोन विचारले, “मग लग्नाला हो कशी म्हणालीस?”

माईंनी गुच्छ पाण्यात ठेविला.

“शब्द नामंजूर होता,” त्या म्हणाल्या. “तुम्ही मंजूर होतात.”

येणेप्रमाणे रेंज शब्द सर्व अर्थांसह हस्तगत जाहला, त्याचा वंश साक्षीने कायम जाहला, आरची पाने छापखान्यात दाखल जाहली आणि मोहीम फत्ते पावली. माईंचे वरील वाक्य घरातले, सबब कोशात घेता आले नाही. मंडळाचे माहितीस येथे नोंदिले आहे. त्या वाक्यास आबासाहेबांनी साक्ष मागितली नाही.